थोरलेपणातून सुटका

धाकट्याला न्यायला माणसं येणार आहेत, असं बालगृहाच्या मोठ्या बाईंनी सांगितलं तेव्हा ताई त्याचं नाक पुसत होती. ती आठेक वर्षांची, तो जेमतेम तीनचा. आई आजारपणात गेली. बाप कामाच्या शोधात म्हणून गेला तो गेलाच. शेजारणीनं काही महिने दोघांना पदरात घेतलं, मग तिचीही ओढाताण व्हायला लागली आणि तिनं डोळे पुसत त्यांना इथं आणून सोडलं. तेव्हापासून धाकट्याचं जेवण, झोप, शी-शू सगळं ताईच बघायची. तो तिला ताई म्हणायचा म्हणून तिथल्या बायकाही तिला ताईच म्हणायच्या. तिला दुसरं काही नाव आहे हे कुणाच्या ध्यानातच नसायचं, तिच्या स्वतःच्याही.

"मग माझं काय?" असं तिनं विचारलं नाही. लहान मुलांना घर मिळतं, मोठ्यांना सहसा मिळत नाही, हे तिथं राहून तिला पाठ झालं होतं. तिनं धाकट्याचे कपडे घड्या घालून एका पिशवीत भरले, त्याचे केस पाणी लावून चापून बसवले आणि त्याला कडेवर घेऊन ती भेटीच्या खोलीत गेली. तो आता तिच्या कडेवर मावत नसे, एका बाजूला कलून चालावं लागे.

खोलीत नवरा-बायको बसले होते. तो शहरातल्या बसवर ड्रायव्हर होता. तिचं शिवणकामाचं छोटं दुकान होतं, जुने कपडे उसवून बेतून देण्याचं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. ताई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि कुणी विचारायच्या आधीच सांगायला लागली.

"ह्याला दुधावरची साय चालत नाही, काढून द्यायची. झोपताना ह्याचा पाय कुणाच्या तरी पोटाला टेकलेला लागतो. रडला तर लगेच उचलायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. मग तो आपणहून येतो." ड्रायव्हरकडे बघून ती जरा अडखळली. "आणि मिशांना घाबरतो."

ड्रायव्हरच्या मिशा चांगल्या भरघोस होत्या. डेपोत त्यांचं कौतुक व्हायचं. त्यानं नकळत त्यांच्यावरून हात फिरवला.

"हिची पिशवी कुठंय?" शिवणवाल्या बाईंनी विचारलं.

मोठ्या बाईंनी आवाज खाली आणला. "ही त्याची बहीण. तुम्ही एकच मूल मागितलं होतं, लहान. दोघं एकत्र गेली तर कुणाला नकोय? पण गळ्यात मारल्यासारखं आम्हाला करता येत नाही."

शिवणवाल्या बाई उठल्या, परत बसल्या. मग दोघं फारसं काही न बोलता निघून गेली. ताईनं पिशवीतले कपडे परत फडताळात लावले. आपण जास्त तोंड चालवलं, मिशांचं सांगायला नको होतं, असं तिच्या मनानं घेतलं. आपल्यामुळं धाकट्याचं घर गेलं, या विचारानं ती पुढचे कितीतरी दिवस मान खाली घालून वावरत होती.

ती दोघं परत आली तेव्हा ड्रायव्हरच्या ओठांवर मिशी नव्हती. उन्हातान्हात रापलेल्या तोंडावर तेवढीच जागा गोरी दिसत होती. "सोललेल्या बटाट्यासारखा दिसतोय ना मी?" तो म्हणाला. धाकटा हसला. ताईला हसावं की नाही ते कळेना.

शिवणवाल्या बाई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. "आमच्याकडं वर दोन खोल्या आहेत आणि खाली दुकान. तुम्ही दोघं याल का राहायला?"

"मी पण?"

"तू पण."

"मला सगळं काम येतं," ताई लगेच म्हणाली.

बाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. त्या एका वाक्याचं काय करायचं, ते त्या दोघांना पुढं बरीच वर्षं शिकावं लागणार होतं.

काम तिला खरंच यायचं. शिवणवाल्या बाईंना दोघं काकू म्हणायला लागली आणि ड्रायव्हरला काका. काकूंना जाग यायच्या आत तिचा केर काढून झालेला असायचा. जेवण झालं की ती सगळ्यांच्या आधी उठून ताटं गोळा करायची. धाकट्याला आंघोळ कुणी घालायची यावरून रोज ओढाताण व्हायची आणि दरवेळी तीच जिंकायची. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, किती गुणाची पोर मिळाली तुम्हाला. काकू हसून मान हलवायच्या, पण त्यांच्या जिवाला ते गुण टोचत होते. मूल हट्ट करत नाही, रुसत नाही, भूक लागली म्हणत नाही, हे काही त्यांना बरं लक्षण वाटेना.

भूक तर लागत होतीच. एकदा चादरी बदलताना उशीखाली पावाचे वाळलेले तुकडे, अर्धं केळं, शेंगदाणे असा सगळा साठा निघाला. मुंग्यांनी रांग लावली होती. ताई दारात उभी होती, चेहरा पांढराफटक. "माझ्यासाठी नाहीये. त्याला लागलं तर म्हणून."

काकूंनी चादर झटकली, खाली दुकानात जाऊन बटणांचा एक मोठा पत्र्याचा डबा रिकामा केला, धुतला, पुसला आणि त्यात बिस्किटं भरून तिच्या पलंगाशी ठेवला. "उशीत मुंग्या होतात. यात ठेव. संपलं की मला सांग, मी भरेन."

संध्याकाळी काकांना हा प्रकार कळला तेव्हा ते गालातल्या गालात हसले. "अरे, म्हणजे आपल्या घरात खारूताई आहे."

आणि तिथून पुढं त्यांनी तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली. थोड्या दिवसांनी त्यातली ताई त्यांनी मुद्दाम गाळून टाकली, नुसती खारू उरली. "ताई त्याची," ते धाकट्याकडं बोट करून म्हणाले. "आमची कशाला? आम्ही काय तुझ्यापेक्षा लहान आहोत?" आयुष्यात पहिल्यांदा तिला असं नाव मिळालं ज्यात कुणाला सांभाळायचं नव्हतं. ती दिवसभर ते मनातल्या मनात म्हणून बघत होती.

पण नाव बदललं म्हणून भीती गेली नाही. ती बाहेर पडली एका कोटामुळं.

कुणाचा तरी लग्नासाठी बेतून घेतलेला करड्या रंगाचा कोट दुकानात तयार होऊन टांगला होता. काकू सुताचे रीळ आणायला कोपऱ्यावर गेल्या होत्या. खारूला वाटलं, इस्त्री करून ठेवावी, त्यांचं तेवढंच काम हलकं होईल. इस्त्री तिच्या हाताला जड, कोटाचं कापड नाजूक. पाठीवर मधोमध इस्त्रीचा आख्खा आकार उमटला. जळकट वास दुकानभर पसरला.

काकू परत आल्या तेव्हा खारू दुकानाच्या पायरीवर उभी होती. हातात पिशवी, पायात चपला. रडत नव्हती.

"मी जाते," ती म्हणाली. "कोट मी जाळला. त्याला ठेवा, त्यानं काही केलेलं नाही. त्याला एकट्यालाच न्यायला आला होता तुम्ही, मला माहितेय."

क्षणभर काकूंना वाटलं, पोरीला छातीशी धरावं, काही झालं नाही म्हणावं. पण झालं तर होतंच, कोट समोर लटकत होता. आणि पोर काही दया मागत नव्हती. त्यांनी रीळ टेबलावर ठेवले, कोट उजेडाला धरून पाहिला आणि त्या चांगल्या तापल्या.

"कोटाचं गिऱ्हाइकाशी काय बोलायचं ते मी बोलेन. पाठीचं कापड बदलावं लागेल, रात्रीचा दिवस करावा लागेल मला. पण मला न विचारता इस्त्रीला हात लावलास ना, हात भाजला असता म्हणजे? आता आठवडाभर दुकानात पाऊल टाकायचं नाही. वर बसायचं, चित्रं काढायची, लोळायचं, काय वाटेल ते करायचं, पण काम करायचं नाही. कळलं? आणि ती पिशवी रिकामी कर. कपडे चुरगळून ठेवलेस सगळे."

खारू बघतच राहिली. तिनं हाकलून देणारी माणसं पाहिली होती, गोड बोलून सोडून जाणारी पाहिली होती. रागावून घरातच ठेवणारं माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिलं. आठवडाभर शिक्षा म्हणजे आठवडाभर तरी आपण इथं आहोत, असा हिशेब तिच्या डोक्यात झाला. मग तिच्या लक्षात आलं की काकूंनी आठवड्यानंतरचंही धरलेलं आहे. ती तिथंच पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडली. काकू तिच्या शेजारी येऊन बसल्या. उचललं नाही, जवळ ओढलं नाही, नुसत्या बसल्या. थोड्या वेळानं खारू आपणहून त्यांच्या कुशीत शिरली.

धाकट्याची गोष्ट याहून सोपी होती. त्याला जुनं फारसं आठवत नव्हतं. एक दिवस पडून गुडघा फुटला आणि तो "आई" असा ओरडत सरळ काकूंकडं धावला. खारू मध्येच हात पसरून उभी होती, तिला वळसा घालून गेला. तिनं नंतर त्याला एकटं गाठून फाडकन एक ठेवून दिली. तो भोकाड पसरून रडला आणि तिचा हात चावला. आजवर त्या दोघांत साधी बाचाबाचीही झाली नव्हती.

काकांनी तिला विचारलं नाही की का मारलंस. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती तिला. ते म्हणाले, "चल, माझ्याबरोबर फेरी मारायला." त्यांनी तिला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं. बस बाजारातून, दवाखान्यावरून, नदीवरच्या पुलावरून फिरत होती. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली तेव्हा ते मागं वळून बसले.

"पाय दुखतोय का गं?"

"नाही."

"दुखायला हवा. मघापासून आरशात बघतोय, मी ब्रेक मारला की तूही पाय दाबतेस."

खारू लाजली. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"मी आहे ना गाडीवर," काका म्हणाले. "तू खिडकीतून बघ की. इतकं मोठं शहर आहे, तुला काही दिसलं का त्यातलं?"

परतीच्या फेरीत तिनं प्रयत्न करून पाहिला. पाय मधूनमधून दाबला जायचाच. पण पुलावर एक म्हातारा छत्री उलटी धरून चालला होता, तो तिला दिसला आणि तिला खुदकन हसू आलं. उतरताना ती म्हणाली, "तो तिला आई म्हणाला."

"हं. तुला राग आला."

"आमची आई वेगळी होती. त्याला आठवतच नाही."

"तुला आठवते ना?" काका म्हणाले. "मग तू सांग त्याला. आम्हालाही सांग. आम्ही काय तिला पुसायला बसलोय?"

त्या दिवसापासून घरात कधीमधी त्या आईच्या गोष्टी निघायला लागल्या. ती कशी हसायची, केस धुतल्यावर दारात कशी बसायची, रागावली की कशी गप्प व्हायची. काकू शिवताना ऐकायच्या आणि मध्येच प्रश्न विचारायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "तिनं तुला छान वाढवलं, मला आयती मिळालीस." खारूनं त्यांना आई आणि काकांना बाबा म्हणायला सुरुवात केली ती त्यानंतर केव्हातरी. नक्की कधी, ते तिलाही सांगता येत नाही. हाक मारून झाल्यावरच तिच्या लक्षात आलं.

वर्षं गेली. खारू शाळेत मधली, खेळात पुढं आणि उद्धटपणात बऱ्यापैकी तरबेज झाली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मैत्रिणीकडं जाऊन बसायची, आईशी दार आपटून भांडायची. आई चिडायची आणि नंतर स्वयंपाकघरात नवऱ्याला हळूच सांगायची, "आज तिनं माझ्यावर दार आपटलं." सांगताना तिच्या आवाजात अशी काही मजा असायची की बाबांना हसू आवरायचं नाही.

धाकटा मात्र सोळाव्या वर्षी बिथरला. तोवर सगळे म्हणायचे, त्याचं काय, तो लहानच आला, त्याला काही त्रास नाही. एका आत्यानं कुठल्याशा कार्यात बोलता बोलता सांगून टाकलं, "अरे, हे तर तुला एकट्यालाच आणणार होते, मग तुझ्या बहिणीलाही घेतलं." तिच्या मनात वाईट नव्हतं, आपल्या भावाची थोरवी सांगायला गेली. पोराच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. घरी आल्यावर त्यानं आई-बाबांशी बोलणं टाकलं. ताटावर यायचा, दोन घास खायचा, उठायचा.

शेवटी एका दुपारी दुकानात तो फुटला. आई मशीनवर होती, खारू गिऱ्हाइकांचे कपडे लावत होती.

"तुम्ही ताईला तिथं सोडून येणार होता," तो म्हणाला. "मला नेणार होता आणि तिला सोडणार होता. खरं की खोटं?"

आईनं मशीन थांबवलं. तिला खोटं बोलता आलं असतं. निदान गोड करून सांगता आलं असतं.

"खरं," ती म्हणाली. "आम्ही एकाच मुलाचा विचार करून गेलो होतो. दोन मुलं झेपतील का, मोठी मुलगी आपल्याला आपलं म्हणेल का, याची भीती वाटली. घरी आलो, खूप बोललो दोघं. तुझे बाबा म्हणाले, त्या पोरीनं तिच्याजवळ होतं नव्हतं ते आपल्या हातात ठेवलं आणि कसं जपायचं तेही सांगितलं. आम्ही तिला तिथंच ठेवून आलो असतो तर तुला रोज बघताना आम्हाला तीच दिसली असती. पण घाबरलो होतो, हे खरंच."

धाकटा खारूकडं वळला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. पिशवी भरून निघाले होते एकदा. तुला इथंच ठेवून." तिनं हातातला शर्ट खाली ठेवला. "ऐक. मला कुणी आधीपासून मागितलं नव्हतं. ही दोघं घाबरली, घरी गेली, विचार केला आणि माझ्यासाठी परत आली. आपला बाप विचार न करता गेला, हे विचार करून आले. मला हेच जास्त खरं वाटतं."

धाकट्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "मला तुझी आठवणच नाही तशी," तो म्हणाला. "तू मला कडेवर घ्यायचीस म्हणे. माझ्या डोक्यात सगळीकडं आईच आहे."

"तेच तर हवं होतं मला," खारू म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिला जाणवलं की हे आता खरंच आहे.

त्याचा राग एका दिवसात उतरला नाही. महिनाभर तो घुम्यासारखा असायचा. पण शाळेतून आला की वर खोलीत जायच्या ऐवजी दुकानात बसायला लागला. बसून बसून कंटाळा यायचा म्हणून काहीबाही उसवायला घ्यायचा. आई न बोलता त्याच्यापुढं कपडा सरकवायची. आधी उसवणं, मग काज-बटणं, मग बाही बसवणं. त्याच्या बोटांत कला निघाली. आज ते दुकान तोच चालवतो आणि खारू बाबांच्याच डेपोत बसवर ड्रायव्हर आहे. लोक गमतीनं म्हणतात, यांच्याकडं पोरांची अदलाबदल झाली. बाबा निवृत्त झालेत. ते अधूनमधून तिच्या बसमध्ये चढतात, तिकीट काढतात आणि उतरताना ती वळणावर गाडी किती जोरात घेते यावर टीका करतात.

परवा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. काही मोठं नव्हतं, दुपारी घरी सोडलं. खारूनं रजा टाकली होती, धाकट्यानं दुकान बंद ठेवलं होतं, आणि डोळ्यात थेंब कुणी घालायचे यावरून आईच्या पलंगाशी दोघांची जुंपली. डॉक्टरांनी आपल्याला समजावून सांगितलंय, असं प्रत्येकाचं म्हणणं. तू नेहमीच असं करतेस, तुला तरी कधी वेळेवर काही जमलंय का, असं करत करत गाडी पार शाळेतल्या एका हरवलेल्या सायकलपर्यंत गेली. बाबांनी कंटाळून थेंबांची बाटली उचलली आणि डोळ्यावरची पट्टी सरकवून स्वतःच थेंब घातले.

धाकटा चहा टाकायला गेल्यावर खारू आईच्या उशाशी बसली. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मिटलेला. कितीतरी वर्षं तिच्या मनात होतं ते तिनं बोलून टाकलं.

"आई, तुम्ही दोघांनी मला लहान होऊ दिलंत. त्याचे आभार मानायचे राहिलेच."

"आम्हाला तरी काय येत होतं गं? तू आलीस तेव्हा तुमच्यात भांडणच नसायचं. मला त्याची धास्ती वाटायची. भावंडं आणि भांडत नाहीत म्हणजे कसली भीती घेऊन बसलीत दोघं, असं वाटायचं. तू त्याला पहिल्यांदा मारलंस ना, तेव्हा मी खाली दुकानात जाऊन रडले. बरं वाटलं म्हणून."

"आणि मला वाटलं तू रागावलीस."

"रागावलेही होते," आई म्हणाली. "हात चांगला चावला होता त्यानं तुझा."

आतून धाकट्यानं हाक मारली, साखर कुठं ठेवलीय म्हणून. त्याच घरात इतकी वर्षं राहून त्याला साखर सापडत नव्हती. खारू उठायला लागली. आईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"बस. शोधेल तो."